आण्णांचा आवाज कुठं गेला? (पार्किन्सन्स आणि बोलण्याच्या अडचणी)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी.

आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. मागच्या बाकापासून त्यांनी "पुढं सरका की हो पाव्हणं" म्हटलं की ड्रायव्हरला ऐकू जायचं, तेही गाडी घाट चढत असताना. घरी आई म्हणायची, "अहो, हळू बोला, हे स्टँड आहे का?"

आता वय 71. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. उजव्या हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आहे, चालणंही ठीक. पण वर्षभरात आवाज पार बसलाय. पुटपुटल्यासारखं बोलतात. वाक्याची सुरुवात कळते, शेवटचे दोन-तीन शब्द तोंडातच राहतात. मधेच एकदम घाईनं, शब्दावर शब्द चढल्यासारखं बोलतात.

मी पुण्यात, ते दोघं गावी. दर रविवारी फोन असतो. मी दोनदा-तीनदा "काय म्हणालात?" विचारलं की "काय नाही, ठेव" म्हणून आईकडे फोन देतात. गेल्या महिन्यापासून फोनवर यायचंच बंद केलंय. आई म्हणते, मुद्दाम बोलत नाहीत, हट्टी झालेत. आण्णा म्हणतात, हिलाच ऐकू येत नाही, मी बोलतोयच की.

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? यावर काही उपचार असतो, की वयाबरोबर होणारच म्हणून सोडून द्यायचं? डॉक्टरांनी यावर काहीच सांगितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही.

कोकणकडा

आधी आईचे कान तपासून घ्या. मी गंमत करत नाही. आमच्याकडे हेच भांडण दोन वर्षं चाललं. बाबांचा आवाज पार्किन्सन्समुळे खाली गेला होता आणि आईला वयामुळे कमी ऐकू येत होतं. दोघंही खरं बोलत होते! आईला यंत्र बसवल्यावर घरातलं निम्मं भांडण मिटलं.

दुपारचा_चहा

"मी बोलतोयच की", अगदी हेच वाक्य माझे सासरे म्हणायचे. वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आमच्याकडे आवाजाबरोबर चेहराही बदलला होता. हसू नाही, भुवया हलत नाहीत, पापण्या कमी मिटतात. मी नवीन सून. चहा दिला की ते एकटक बघायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. मला वाटायचं, यांना माझ्या हातचं काही आवडत नाही. सहा महिने मी त्यांच्या समोर जायला घाबरायचे. एकदा वाकून कान जवळ नेला तर म्हणत होते, "आलं छान पडलंय." बहुधा रोज तेच म्हणत होते.

शब्दसखी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, सविस्तर लिहिते.

वारणाकाठ, तुमचे आण्णा हट्टी नाहीत. पार्किन्सन्स असलेल्या दहापैकी आठ-नऊ जणांना आजारात कधी ना कधी आवाजाचा किंवा उच्चाराचा त्रास होतो. ही नवीन गोष्टही नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला, तेव्हाच नोंदवलं होतं की आजार वाढल्यावर रुग्णाचे शब्द जेमतेम कळतात.

कारण थोडक्यात असं. मध्यमेंदूत डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि शरीराच्या हालचाली आकारानं लहान व्हायला लागतात. आण्णांची सही जुन्या पासबुकातल्या सहीशी ताडून बघा, अक्षर बारीक झालं असेल. पावलं लहान पडतात, अक्षर बारीक होतं, तसाच आवाजही लहान होतो. छातीचे, स्वरयंत्राचे, जिभेचे, ओठांचे स्नायू जागेवर असतात, पण हालचाल अपुरी होते. त्यामुळे आवाज हळू, एकसुरी आणि घोगरा होतो, उच्चार एकमेकांत मिसळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रुग्णाला बऱ्याचदा स्वतःचा आवाज कमी झाल्याचं जाणवत नाही. त्याच्या आतल्या मोजपट्टीप्रमाणे तो नेहमीसारखाच बोलत असतो. आपण त्याला पूर्वीच्या आवाजात बोलायला लावलं तर त्याला वाटतं, आपण ओरडतोय. म्हणून "मोठ्यानं बोला" असं दिवसभर सांगून काही होत नाही. तो दोन शब्द मोठ्यानं बोलतो आणि पुन्हा खाली येतो.

उपचार आहे. सगळ्यात जास्त अभ्यास झालेली पद्धत म्हणजे ली सिल्व्हरमन व्हॉइस ट्रीटमेंट. ली सिल्व्हरमन या अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या पार्किन्सन्सच्या रुग्ण. त्यांचं बोलणं घरच्यांना ऐकू यावं, कळावं, एवढीच घरच्यांची इच्छा होती. त्यांच्याच नावानं ही पद्धत 1987 पासून उभी राहिली. रोज एक तास, आठवड्याला चार दिवस, चार आठवडे, म्हणजे 16 बैठका, शिवाय घरी सराव. दमछाक होते, पण तो जोर हाच त्यातला उपचार आहे. सांगायचं एकच, "मोठा आवाज". एकाच वेळी जीभ इकडे, ओठ तिकडे, श्वास असा असं दहा गोष्टी सांगितल्या तर रुग्ण गोंधळतो. आवाज मोठा केला की तोंडही जास्त उघडतं आणि उच्चार आपोआप सुधारतात. भारतातही हे प्रशिक्षण घेतलेले थेरपिस्ट आहेत.

आणि एक विचारते. पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, गुळगुळ केल्यासारखा येतो का? तोंडात लाळ साठते का? असेल तर थांबू नका, गिळण्याची तपासणी लगेच करून घ्या. बोलणं आणि गिळणं हे बऱ्याच अंशी त्याच स्नायूंचं काम आहे. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

पिंपळपान

शब्दसखी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

तुळशीकट्टा

इतक्या महागड्या पद्धतीच कशाला हव्यात? आमचे काका रोज पहाटे ओंकार, मग हरिपाठ म्हणतात. हरिपाठ म्हणताना आवाज खणखणीत असतो, एक शब्द अडखळत नाही. आपल्या पूर्वजांनी हे सगळं करून ठेवलंय.

शब्दसखी

@तुळशीकट्टा, म्हणू द्या, जरूर म्हणू द्या. लांब श्वास लागतो, मन लागतं, चार माणसांत बसणं होतं. पण एक सांगा, हरिपाठ संपल्यावर काका "पाणी दे" म्हणतात तेव्हा तोच आवाज असतो का?

तुळशीकट्टा

नाही. तेव्हा परत पुटपुटतातच. हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

शब्दसखी

तेच. पाठ असलेलं, तालातलं, चालीतलं म्हणणं सोपं जातं, कारण चाल हात धरून पुढे नेते. स्वतःचं नवीन वाक्य जुळवायचं म्हटलं की तो आधार सुटतो. म्हणून सराव रोजच्या वाक्यांचा करावा लागतो. आधी लांब "आऽऽऽ", जितका मोठा आणि जितका वेळ टिकेल तितका. मग आवाज खालून वर, वरून खाली. मग रुग्ण घरात रोज खरंच बोलतो अशी दहा वाक्यं, त्याच मोठ्या आवाजात. पुढे वाचन, मग गप्पा. काकांचा हरिपाठ झाला की लगेच त्याच आवाजात "चहा आण" म्हणायला सांगा. तिथूनच सुरुवात करता येईल. मात्र घसा ताणून किंचाळायचं नाही, म्हणून सुरुवात थेरपिस्टसमोर व्हावी.

मास्तर_निवृत्त

मी स्वतः रुग्ण आहे. आठ वर्षं झाली. हा प्रतिसाद टंकायला मला पाऊण तास लागेल, पण लिहितो, कारण इथे सगळे आमच्याविषयी बोलत आहेत.

वाक्य डोक्यात तयार असतं. शुद्ध, व्याकरणासहित. ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर कट्ट्यावरच्या मित्रांचा विषय बदललेला असतो. ते पेन्शनवरून क्रिकेटवर गेलेले असतात आणि मी पेन्शनवर बोलतो. मग सगळे एकमेकांकडे बघतात. असं चार वेळा झालं की माणूस गप्प बसायला शिकतो. मला वाटतं, तुमच्या आण्णांनी फोन सोडला तो यासाठी.

दुसरं. कृपा करून आमची वाक्यं पुरी करू नका. मी "मला जरा" एवढं म्हटलं की बायको "पाणी हवंय?", मुलगा "बाथरूमला?", नात "टीव्ही?" मला म्हणायचं असतं, "मला जरा गच्चीवर ने, चंद्र बघायचाय." ते राहून जातं.

तिसरं. मागे एकदा तोल जाऊन भरल्या रस्त्यात पडलो. लोक जमले. मी सांगत होतो, पार्किन्सन्स आहे. जीभ जड, पाय लटपटत. एक जण म्हणाला, "सकाळी सकाळीच झालीय मास्तरांची." 34 वर्षं त्या गावात मुलांना शिकवलं. तेव्हापासून खिशात कार्ड ठेवतो. त्यावर आजाराचं नाव, मुलाचा नंबर आणि एक ओळ, "मला समजतं, बोलायला वेळ लागतो."

दुपारचा_चहा

मास्तर, तुमच्या पाऊण तासाबद्दल मनापासून आभार. हा प्रतिसाद आज घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

वारणाकाठ

मास्तर, काय लिहू कळत नाही. मी आजवर आण्णांची किती वाक्यं पुरी केली असतील.

देशी_उपाय

खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा (पार्किन्सन्सच्या गोळीत असतं तेच औषध) असतो, आयुर्वेदात कपिकच्छू म्हणतात. चूर्ण सुरू करा, आवाज येईल.

औषधकट्टा

@देशी_उपाय, बियांत लेव्होडोपा असतो हे अगदी खरं. म्हणूनच स्वतःच्या मनानं सुरू करायचं नाही. आण्णा आधीच लेव्होडोपाची गोळी घेत असतील, वर चूर्ण घातलं तर एकूण मात्रा किती झाली हे कुणालाच कळणार नाही. शरीर आपोआप हलणं, रक्तदाब पडणं, भास होणं, काहीही होऊ शकतं. घ्यायचं असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून.

आणि गोळीबद्दल एक. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतलेली बरी. डाळ-दूध-अंड्यातली प्रथिनं तिच्या शोषणाच्या आड येतात. आमच्याकडे बाबा गोळी दुधाबरोबर घ्यायचे. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून दोन बिस्किटांबरोबर घेतात.

वारणाकाठ

मग गोळीचा असर असताना फोन केला तर आवाज बरा येईल का?

शब्दसखी

करून बघा. गोळी हातापायांना जितकी उपयोगी पडते तितकी आवाजाला पडतेच असं नाही, माणसागणिक फरक असतो. पण अंग सैल असलं की बोलायची उमेद जास्त असते. दिवसातली त्यांची चांगली वेळ आईंना विचारून घ्या.

सातपुडा

पत्नीची मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीबीएस, झाली आहे. कंप आणि ताठरपणा इतका कमी झाला की ती पुन्हा भाकरी थापायला लागली. पण बोलणं आधीपेक्षा गढूळ झालं. काहींच्या बाबतीत असं होतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मशीनचं सेटिंग दोनदा बदलल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. शस्त्रक्रियेचा पस्तावा नाही. पण कुणी विचारात असेल तर बोलण्याचं आधीच विचारा, आणि आधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे तिचा पूर्वीचा आवाज लग्नाच्या कॅसेटमध्ये आहे, बस.

एडिसनचा_पेठकर

न्यू जर्सीतून लिहितोय. आई इथे असताना तिची वर शब्दसखींनी लिहिलेली थेरपी झाली. थेरपिस्ट अमेरिकन, तिला मराठीचा गंध नाही, आईला इंग्रजीचा नाही. मी मधे दुभाषा. दुसऱ्या दिवसापासून माझी गरजच उरली नाही. टेबलावर आवाजाचा मीटर. थेरपिस्ट आकड्याकडे बोट दाखवायची, आई त्या आकड्यापर्यंत आवाज न्यायची. आईची वाक्यं सगळी मराठी, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या का बघ" वगैरे. थेरपिस्टला शेवटी "कुकर" आणि "शिट्ट्या" पाठ झाले होते.

आता आई सदाशिव पेठेत आहे, मीटर फोनमधल्या अ‍ॅपवर. सराव सोडला की महिन्याभरात आवाज खाली येतो, हे दोनदा बघितलं. आणि फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा. ओठ दिसले की निम्मं कळतं.

कोकणकडा

अवांतर: मुहम्मद अली यांना 1984 मध्ये निदान झालं. 1996 ला अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना थरथरणारा हात सगळ्या जगानं पाहिला. पण एवढा बोलका माणूस पुढे जवळजवळ गप्प झाला, त्याची आठवण कमी निघते. कंप दिसतो, आवाज जाणं दिसत नाही.

पिंपळपान

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात. मुंबईत 2001 पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. मुंबईकरांना वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचारांची चौकशी करता येईल. आमच्या आत्याला औषधापेक्षा मंडळातल्या बैठकीचा जास्त आधार वाटतो, तिथे हळू बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही.

रंधा

मी सुतारकाम करतो. भावाला पार्किन्सन्स आहे, त्याचा त्रास वेगळा. आवाज ठीक, पण बोलणं उतारावरच्या सायकलसारखं सुटतं, शेवटी नुसता गडबडगुंडा. थेरपिस्ट बाईंनी एक युक्ती सांगितली, ती मी सागाच्या तुकड्यावर केली. पट्टीवर एका ओळीत सहा खाचा, मधे उभी रीप. एक शब्द, एक खाच. बोट एका खाचेत टेकवायचं, शब्द म्हणायचा, रीप ओलांडायची, पुढची खाच. बोटाला रीप अडवते म्हणून जीभही थांबते. खाचा पॉलिश पेपरनं अशा गुळगुळीत केल्यात की बोट ठेवावंसंच वाटतं. बाजारात जाताना तो खिशातली चावी एकेका बोटानं दाबत बोलतो, कुणाला कळतही नाही.

लालपरी_प्रेमी

वारणाकाठ, आण्णा कंडक्टर होते ना? मग घरात घंटीची दोरी बांधा! एक टोला, गाडी थांबवा. दोन टोले, जाऊ द्या. मास्तर म्हणतात तसं कुणी मधे वाक्य तोडलं की आण्णांनी एक टोला द्यायचा. 😊

मास्तर_निवृत्त

ही घंटी मलाही हवी.

वारणाकाठ

धागा वर काढतोय. अडीच महिने झाले.

आईचे कान तपासले. कोकणकडा, तुमचं बरोबर होतं, उजव्या कानाला यंत्र लागलं. आण्णांना पुण्याला आणून थेरपी पूर्ण केली, 16 बैठका. ठसका लागत होता, तो आम्ही घाईघाईत पाणी पिण्यामुळे समजत होतो. तपासणी झाली. आता हनुवटी छातीकडे घेऊन, लहान घोट घेतात. हे प्रत्येकाला चालेलच असं नाही, त्यांना तपासून सांगितलंय.

पहिल्या दिवशी थेरपिस्टनं आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. आण्णांनी ऐकलं आणि विचारलं, "हा कोण म्हातारा?" मी खिडकीकडे बघत राहिलो. मग ते स्वतःच म्हणाले, "मीच की रं."

दहा वाक्यांची यादी मी करून नेली होती. "गोळी द्या", "पाणी हवं", "पाय दुखतोय". त्यांनी ती बाजूला सारली आणि स्वतःची सांगितली. पहिलं "पुढं सरका", दुसरं "सुट्टे द्या". मी म्हटलं, आण्णा, घरात रोज बोलता ती वाक्यं हवीत. तर म्हणाले, 31 वर्षं रोज बोललोय. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, असू द्या, बाकीची आठ घरची घेऊ. त्या दोन वाक्यांना मीटरचा काटा सगळ्यात वर जातो, म्हणून सराव तिथून सुरू करतात आणि मग त्याच आवाजात "चहा टाक".

आवाज पूर्वीसारखा नाही, तसा होणारही नाही. दुपारनंतर बसतोच. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर स्वतः येतात, सकाळी दहाला, गोळीनंतर तासाभरानं.

आणि घंटी खरंच बांधली. पितळेची, आईच्या देवघरातली जुनी. सुतळी आण्णांच्या खुर्चीपाशी. परवा माझा मुलगा त्यांचं वाक्य पुरं करायला लागला, एक टोला पडला. पोरगं गप्प. आण्णांनी सावकाश वाक्य संपवलं. वारणेला पाणी आलं की त्यांचे आजोबा त्यांना नावेतून शाळेला सोडायचे, असं काहीतरी होतं, माझ्यासाठीही नवीन. संपल्यावर दोन टोले दिले.

मास्तर_निवृत्त

नावेची गोष्ट पूर्ण लिहा. लांब असली तरी चालेल.

दुपारचा_चहा

+१

वारणाकाठ

लिहितो मास्तर. ते सांगतील तशी, रविवार-रविवारनं. @रंधा, पट्टीची मापं द्याल का? दुपारनंतर त्यांचंही बोलणं सुटतं.

रंधा

लांबी एक फूट, रुंदी अडीच इंच. खाच अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी मोठी, रीप पाव इंच उंच. कडा गोल करा, आणि रंग लावू नका, घामानं निसरडी होते. सागाचा तुकडा पडलाय माझ्याकडे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवतो.